पंपावर बंद पडलेला पंप

इंग्लंडातल्या एका पेट्रोल पंपावरचा हा प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा. गडद हिरवी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, छत खाली केलेलं, पेट्रोल भरून झालेलं, चालवणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे. चावी फिरवली, सेल्फ फिरला, इंजिन काही उठलं नाही. दुसऱ्यांदा तेच. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या. गृहस्थ चावी तशीच चालू ठेवून उतरले, डिकी उघडली, स्टेपनीच्या कुशीत ठेवलेली लाकडी दांड्याची हातोडी उलटी धरली आणि आत उजव्या कोपऱ्यात कशावर तरी दांड्याने दोन हलके टोले दिले. टक-टक-टक-टक असा आवाज सुरू झाला, मंदावला, थांबला. हातोडी जागेवर, डिकी बंद, गाडी चालू, गृहस्थ गेले. मागच्या रांगेतल्या कुणीतरी हसून हात हलवला. सगळ्यांना गंमत वाटली. मनात राहिली ती मात्र हातोडी. ती त्या दिवसापुरती डिकीत आलेली नव्हती, कायमची मुक्कामाला होती. स्टेपनीच्या रबरात तिच्या दांड्याची खाच पडली होती.

मराठीत 'पंप बंद आहे' म्हटलं की माणूस पुढचा पंप शोधायला निघतो. पेट्रोल पंप ही आपल्याकडे जागा आहे, पत्त्यातली खूण आहे. गाडीच्या पोटात आणखी एक पंप असतो याची आठवण तो बंद पडेपर्यंत कुणाला होत नाही. आजच्या गाड्यांत तो टाकीत बुडवलेला असतो, चावी फिरवली की दोन सेकंद गुणगुणतो आणि त्याची तेवढीच काय ती ओळख. एमजीबीचा पंप मात्र बोलका आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यांच्या मागच्या उजव्या बाजूला, बॅटरीच्या शेजारी, एसयू कंपनीचा तो टकटक करणारा पंप बसलेला असे. नंतरच्या गाड्यांत त्याचं विजेचं टोक डिकीत डोकावतं आणि पेट्रोलचं टोक गाडीच्या पोटाखाली राहतं. आपल्याकडच्या जुन्या मेस्त्रींना हा आवाज मॉरिस मायनरमुळे ओळखीचा. तिथे तो इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीवर, चालवणाऱ्याच्या पायांपलीकडे बसून टकटकायचा. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर बंधू बुटांच्या धंद्यातल्या घरातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात, चामड्याचा भाता होता. घरात पिकतं तेच माणूस आधी वापरून बघतो.

पंपाची रचना एका बसणीत समजण्यासारखी आहे. एका टोकाला विजेची कॉइल, मध्ये पडदा, दुसऱ्या टोकाला एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा. झाकणाखाली दोन पॉइंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टिकल्या, एकमेकांना टेकलेले असतात. चावी चालू केली की करंट पॉइंटमधून कॉइलमध्ये जातो, कॉइल लोहचुंबक होऊन पडद्याला आपल्याकडे ओढते आणि टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. ओढ पुरी झाली की जुन्या काळ्या बटणाच्या खटक्यासारखा एक खटका पलटतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं, पडदा टोकाला पोचला की खटका पुन्हा पलटतो. प्रत्येक 'टक' म्हणजे हा एक फेरा. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या भरल्या, त्यांच्या तोंडाशी असलेल्या सुईने वाट मिटली, की पुढे जायला वाट नसते. स्प्रिंग दाबून बसते, पॉइंट उघडे राहतात, पंप गप्प. या रचनेतली एक गोष्ट पुढे फार कामाची आहे: वीज फक्त पेट्रोल ओढून घेते, ते पुढे ढकलते स्प्रिंग. दाब किती हे स्प्रिंग ठरवते, पेट्रोल किती हे वीज ठरवते.

म्हणून पहिली तपासणी कानाने करायची. सेल्फ मारायचा नाही, चावी नुसती चालू करायची. रात्रभर उभ्या गाडीत सुरुवातीला काही टोले भराभर पडतात, मग अंतर वाढत जातं आणि पंप थांबतो. त्यानंतर इंजिन बंद ठेवून ऐकत राहिलं तर अर्ध्या मिनिटात एखाद्याहून जास्त टोला पडू नये. थांबायचं नावच घेत नसेल तर कुठेतरी पेट्रोल चाललंय: एक तर कार्ब्युरेटर ओसंडतोय, तो वासाने कळतो, नाहीतर पंपाची आतली झडप परत सोडतेय. शिवणयंत्रासारखी अखंड, हलकी, घाईची टकटक म्हणजे पंप हवा ओढतोय. टाकी रिकामी आहे किंवा टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचा जोड सैल आहे. दमेकऱ्यासारखे लांब, जड टोले म्हणजे ओढायला अडथळा. त्या वेळी पॉइंट बराच वेळ बंद राहतात आणि कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापते. आणि काहीच आवाज नाही, वाट्याही कोरड्या, तर मात्र विजेच्या मागे लागायचं. शेवटी एक खात्री: पंपातून बाहेर जाणारी नळी सोडल्यावर टकटक सुरू झाली तर वीज ठीक आहे, पुढे कुठेतरी सुई अडकली आहे. पण ही नळी सोडायची वेळ विजेच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर येते, आधी नाही. उघडं पेट्रोल आणि ठिणगी एका डिकीत आणू नये. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवाच.

आता ते टोले. हातोडीने पंप चालू होतो यात जादू काही नाही. पॉइंट टंगस्टनचे असतात. गाडी महिनाभर दमट हवेत उभी राहिली की त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. दोन पॉइंट एकमेकांना टेकलेले दिसतात, पण मध्ये नजरेला न दिसणारा पडदा असतो. धक्का बसला की ते किंचित घासले जातात, थर फाटतो, करंट वाहू लागतो, आणि एकदा वाहू लागला की प्रत्येक टोल्याच्या ठिणगीबरोबर थर थोडा थोडा जळत जातो. रोज वापरातल्या गाडीचे पॉइंट म्हणूनच बरे राहतात. टोला मारायचाच तर पंपाच्या धातूच्या अंगावर, लाकडाने. झाकणावर मारला तर त्याच्या बेकेलाइटला, म्हणजे जुन्या ठिसूळ प्लास्टिकला, तडा जातो आणि मग दमटपणा आत जायला कायमची खिडकी होते.

पण टोल्याने पंप चालू झाला, म्हणजे पंप बिघडला होता, असं ठरत नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते. टोला बसतो तेव्हा पंपाबरोबर त्याचं टर्मिनल हलतं, टर्मिनलबरोबर वायर हलते, वायरबरोबर वीतभर अंतरावरचा जोड हलतो. यातलं नेमकं कोण जागं झालं हे टकटक सांगत नाही. लोक पंप बदलतात. बदलताना टर्मिनल घासलं जातं, अर्थची वायर सोडून पुन्हा कसली जाते, जोड ओढून परत बसवला जातो. गाडी चालू होते आणि दोष जुन्या पंपाच्या नावावर लिहिला जातो. सहा महिन्यांनी नवा पंपही गप्प बसतो, मग 'हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही' हे वाक्य ठरलेलं. माल कधीकधी खरंच तसा येत नाही, ते सोडा, पण अशा वेळी दोषी बहुतेकदा वायरिंगमध्ये बसलेला असतो.

मल्टीमीटर हातात असलेला माणूस इथे आणखी ठामपणे चुकतो. पंप गप्प आहे. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन पंपाच्या टर्मिनलवर. मीटर बारा व्होल्ट दाखवतो. निष्कर्ष: वीज येतेय, पंप मेला. वरवर पाहता बिनचूक. पण पंप गप्प आहे म्हणजे करंट वाहत नाहीये, आणि करंट वाहत नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज पडत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरचा एक तंतू शिल्लक असला तरी पलीकडे बारा व्होल्ट दिसतील. कॉइल साधारण तीन ओहमची धरली तर पॉइंट बंद असताना चार अँपिअर मागते. वाटेतल्या जोडाने एक ओहम अडवला की एकूण चार ओहम झाले, करंट तीनवर आला, जोडावर तीन व्होल्ट खर्च झाले आणि पंपाला नऊच मिळाले. हे नऊ फक्त पंप ओढत असताना दिसतात. तो थांबला की पुन्हा बारा. बसलेल्या बैलाला बघून तो किती ओढेल हे सांगता येत नाही, तसंच.

दाबाचा गेज लावणाऱ्याचीही तीच गत. दाब स्प्रिंगचा, त्यामुळे नऊ व्होल्टवर कण्हणारा पंपसुद्धा वाट्या भरल्यावर आपला दोन-अडीच पीएसआय बिनचूक दाखवतो. गेज खूश, गाडी मात्र चढावर दम टाकते. दाब नको, माप घ्या: नळी बाटलीत सोडून एका मिनिटात किती पेट्रोल पडतं ते बघा. एमजीबीच्या नंतरच्या पंपाचं माप तासाला १५ इंपीरियल गॅलन, म्हणजे मिनिटाला १.१ लिटरच्या आसपास. अर्ध्या लिटरच्या खाली आलं तर शोधाशोध सुरू करावी. आता गंमत अशी की गाडीला एवढं लागत नाहीच. ताशी ११० किलोमीटरने पळणारी एमजीबी तासाला बारा-तेरा लिटर पिते, म्हणजे मिनिटाला पाव लिटरसुद्धा नाही. पंपाकडे पाचपट शिल्लक आहे. ही शिल्लक म्हणजे वरदान आणि तीच अडचण. जोड वर्षानुवर्षं कुजत राहतो, पंप अर्ध्या ताकदीवर येतो, तरी गाडी धावते, आणि मग एका गरम दुपारी शेवटचा हिस्सा संपतो. मालक म्हणतो, कालपर्यंत छान चालत होती.

त्यामुळे परीक्षा घ्यायची ती भार टाकून. पंपाची वायर सुटी करायची आणि पंपाच्या जागी एक जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावायचा, एक टोक त्या वायरला, दुसरं बॉडीला. हा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे पंपाच्या जवळपास. तो नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचाही चालेल, तो पावणेदोन घेतो. बल्ब तापतो, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या बंद, डिकी उघडी आणि हवा खेळती हवी. बल्ब पेटलेला असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या जिवंत टोकावर आणि दुसरी बल्बला येणाऱ्या वायरवर ठेवायची. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज, वजाबाकी करायची गरज नाही. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर साठीतल्या गाडीला पैकीच्या पैकी. दोन-अडीच दिसले तर पिन मागे मागे सरकवत न्यायची, एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारतो तो चोर. कधीकधी मीटरही लागत नाही, बोटाने चाचपलं तरी एखादा जोड कोमट लागतो.

एमजीबीत ही वाट चिंचोळी आणि लांब आहे. इग्निशनच्या स्विचमधून पांढरी वायर निघते. तीच इग्निशन कॉइलला, तीच फ्यूजबॉक्सला, तीच पंपाला. गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकास कंपनीच्या रंगांच्या हिशेबात पांढरा म्हणजे चावीनंतरचा, पण फ्यूजशिवायचा करंट, हिरवा म्हणजे चावीनंतरचा फ्यूजमधून आलेला, तपकिरी कायम जिवंत, काळा अर्थ. पंपाची वायर पांढरी, म्हणजे तिच्या संरक्षणाला फ्यूज नाही. ती कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली तर पंपाबरोबर इग्निशनही जातं आणि वर वायरिंग जळतं. पंपाच्या वाटेवर, शक्य तितका उगमाजवळ, आठ-दहा अँपिअरचा फ्यूज घालणं ही या गाडीत करण्यासारखी सगळ्यात स्वस्त आणि शहाणी सुधारणा. जातिवंतपणा जपणाऱ्यांना ती रुचत नाही. त्यांनी जळालेल्या रबराचा वास एकदा घ्यावा. रंगांच्या बाबतीत एक सावधगिरी: पन्नास वर्षांत पांढरी वायर चहासारखी होते आणि तपकिरी वायर फिकट होऊन तिच्याजवळ येते. जोडावरची स्लीव्ह थोडी मागे सारली की आत मूळ रंग शाबूत सापडतो. डिकीत काळ्या रेषेची हिरवी वायरही असते, ती पेट्रोलच्या काट्याची. घाईत तिला पंपाची समजून बारा व्होल्ट देणारे कमी नाहीत.

पुढचं वायरिंग आणि मागचं वायरिंग जिथे भेटतं तिथे, आणि पंपाजवळ, बुलेट कनेक्टर असतात. वायरच्या टोकाला पितळेची ४.७ मिलिमीटरची गोळी आणि तिला धरणारी पत्र्याची नळी, वरून काळं रबर. रबरामुळे पाणी आत जात नाही हा समज, आत गेलेलं बाहेर येत नाही हे सत्य. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकावं तसं आत सगळं हिरवं कळकतं. ब्रिटिश गाड्यांच्या लोकांनी यावरून ल्यूकासला 'अंधाराचा राजपुत्र' पदवी दिलेली आहे, आणि इंग्रज कोमट बिअर पितात कारण त्यांचे फ्रिज ल्यूकासचे, हा विनोद तर पिढ्यान् पिढ्या चालू आहे. विनोद चांगला आहे, न्याय्य नाही. दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने केलेला जोड साठ वर्षं न उघडता वापरायचा आणि वर कारागिराला नावं ठेवायची! जोड उघडा, गोळी पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घासा, स्लीव्ह मात्र नवीच घ्या कारण जुनीची पकड सैल झालेली असते, आणि बंद करताना व्हॅसलिनचा हात फिरवा. वायर गोळीच्या तोंडाशी वाकवून बघा. आत तंतू तुटले असतील तर ती जरुरीपेक्षा मऊ वाकते.

अर्थकडे तर कुणी बघतच नाही. पंप रबराच्या पट्टीत धरलेला असतो, त्याची थरथर बॉडीत जाऊ नये म्हणून. म्हणजे त्याचं अंग बॉडीला टेकलेलं नाही, परतीची सगळी वीज एका काळ्या वायरवर. ही वायर डिकीत बॉडीला कसलेली असते. नव्याने रंगवलेल्या, लाखो खर्च केलेल्या गाड्या इथे हमखास रुसतात. रंगाऱ्याने बोल्टाचं भोकसुद्धा प्रेमाने रंगवलेलं असतं आणि वायर रंगावर कसली जाते. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकावर, दुसरी पंपाच्या अंगावर, आणि पंप चालू असताना बघा. अर्धा व्होल्टही इथे जास्तच. वॉशरच्या आकाराएवढा रंग खरवडायचा, कसायचं, वरून ग्रीस. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली असत, त्यांना जोडणारी केबलही याच हिशेबात बघून घ्यावी. सत्तरीच्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत पंपाच्या वाटेवर धक्का बसला की वीज तोडणारा एक स्विचही आहे. जोराचा खड्डा बसला तरी तो उडू शकतो, त्याची दांडी परत दाबली की झालं. हे माहीत नसल्यामुळे गाडी टो करून नेलेली उदाहरणं कमी नसतील.

बल्ब लख्ख पेटला, अर्थही स्वच्छ, तरी पंप गप्प, तर मग आणि मगच पंपाचं झाकण. त्यावरचा टर्मिनलचा नट २ बीए या जुन्या ब्रिटिश मापाचा, मिलिमीटरचे पाने त्यावर धड बसत नाहीत. जबरदस्ती केली की नटाचे कोपरे आणि झाकण दोन्ही जातं. आधी बॅटरी सुटी करा, मग नट, वायर, झाकण. आत डोकावलं की घड्याळाच्या पाठीमागे बघितल्यासारखं वाटतं: पातळ पट्टीवर दोन टिकल्या, त्यांच्याखाली खटक्यावर त्यांच्या जोडीदार, बाजूला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. टिकल्या नुसत्या राखाडी असतील तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन्हींच्या मध्ये धरून दोन-तीनदा ओढायची आणि मग तसाच कोरा जाड कागद स्पिरिटमध्ये बुडवून. कागद काळा यायचा थांबला की पुरे. एकीवर टेकडी आणि दुसरीवर खड्डा तयार झाला असेल तर मात्र घासण्यात अर्थ नाही. ते कंडेन्सर गेल्याचं लक्षण. कॉइलचा करंट तुटताना उसळणारी वीज पचवायला तो असतो; तो मेला की प्रत्येक टोल्याला निळी ठिणगी पडते आणि धातू एका टिकलीवरून दुसरीवर स्थलांतर करतो. पॉइंट आणि कंडेन्सर एकदमच बदलावेत. नवी पट्टी बसवल्यावर अंतर मोजायचं: खटका आत दाबून धरल्यावर पट्टी आणि तिच्या टेकूमध्ये ०.९ मिलिमीटर, ०.१३ इकडेतिकडे. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नसेल तर थांबा, अंदाजाचं काम नाही.

पडदा बदलायची वेळ आली तर त्याच्या बसवण्यात एक मजेशीर मोजणी आहे. पडदा कॉइलमध्ये स्क्रूसारखा फिरवत आत न्यायचा, खटका पलटायचा थांबेपर्यंत. मग एकेक भोक मागे फिरवत यायचं आणि दर वेळी पडदा दाबून बघायचं, खटका पलटतोय का. जिथे पलटला तिथून आणखी चार भोकं मागे. एकूण भोकं सहा, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. एखादं भोक चुकलं तर पंप टकटक करतो पण अर्धवट, आणि तो दोष वायरिंगमध्ये शोधत बसायची पाळी येते. जुन्या पद्धतीच्या पंपात पडद्याच्या मध्यभागी पितळेच्या अकरा चपट्या चकत्या असतात. पडदा सैल करताना त्या हमखास गॅरेजच्या कोपऱ्यांत पळतात. दहा सापडतात.

नंतरच्या पंपांत कंडेन्सरऐवजी वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड आला आणि त्याच्याबरोबर एक सापळा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर मायनस. नुसत्या कंडेन्सरच्या पंपाला कुठलीही बाजू चालते. डायोडच्या पंपाला नाही. उलटा जोडला की डायोड करंटला आडवाट देतो, क्षणात मरतो, आणि फ्यूज नसलेल्या त्या पांढऱ्या वायरचं काय होतं ते वर आलंच आहे. अर्थ बदलून घेतलेल्या गाड्या खूप आहेत आणि त्यांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. पंप विकत घेण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

सगळ्यात छळवादी दोष म्हणजे गरम झाल्यावरचा. अर्धा तास झकास, मग खोकत बंद, दहा मिनिटांनी काही घडलंच नाही अशा थाटात चालू. इग्निशन गेलं तर इंजिन दिवा मालवावा तसं एका क्षणात जातं. पेट्रोल तुटलं तर वाट्यांत उरलेल्यावर थोडं अंतर रखडत जातं, धक्के देतं, मग संपतं. थांबल्याबरोबर चावी बंद करून पुन्हा चालू करायची आणि ऐकायचं. शिवणयंत्र ऐकू आलं तर वाफ किंवा हवा. जड टोले ऐकू आले तर टाकीचं झाकण उघडायचं. फुस्स करून हवा आत गेली आणि टकटक सुधारली तर झाकण चुकीचं आहे. जुन्या गाड्यांचं झाकण हवा घेणारं, नंतरच्यांचं बंद. अदलाबदल झाली की टाकी स्वतःच पेट्रोल मागे ओढून धरते. आणि काहीच ऐकू आलं नाही तर वीज. पण हे सगळं दहा मिनिटांच्या आत करायचं असतं आणि बंद पडलेल्या गाडीत दहा मिनिटं डोकं शांत ठेवणं हीच अवघड गोष्ट. त्यासाठी एक जुनी युक्ती: पंपाच्या टर्मिनलवरून बारीक वायर पुढे आणायची आणि डॅशबोर्डवर २.२ वॅटचा दिवा चिकटवायचा, टर्मिनलजवळ लहान फ्यूज घालून. गाडी मेली तेव्हा दिवा विझलेला असेल तर वाट तुटली. दिवा लख्ख, पंप गप्प, तर बहुतेक पंपच. आणि दिवा प्रत्येक टोल्याला डोळा मारावा तसा मंद होत असेल तर गाडी बंद पडायच्या आधीच कळलं, की कुठेतरी एक जोड भार सोसत नाहीये. निरोगी गाडीत तो दिवा जेमतेम हलतो.

आज सॉल्झबरीच्या बर्लेन कंपनीकडून हेच पंप नवे मिळतात, पॉइंटचेही आणि पॉइंटशिवाय इलेक्ट्रॉनिकही. इलेक्ट्रॉनिकला थर चढत नाही, घासावं लागत नाही, टकटक मात्र तशीच येते. रोज गाडी वापरणाऱ्याने तोच घ्यावा, यात जुनं-नवं असं काही नाही. फक्त गाडी लांबच्या प्रवासाला नेणाऱ्यांपैकी कितीतरी जण डिकीत पॉइंटचा जुना पंप बांधून ठेवतात, कारण तो रस्त्याच्या कडेला कागदाच्या पट्टीने जागा करता येतो. आणि दोघांनाही लागणारी वीज त्याच हिरव्या पडलेल्या गोळीतून येते.

त्या हिरव्या गाडीच्या डिकीत, हातोडीच्या टोल्याच्या अंतरावर, पंपाची पांढरी वायर एका काळ्या रबरी नळीत शिरते. तिथे हात घालायला स्टेपनी काढावी लागते, जेमतेम पाच मिनिटांचं काम. रबर ओढलं की आधी चिकटून बसतं, मग सुटतं, आणि आतली गोळी शेवाळलेल्या नळासारखी हिरवी. चिमटीत धरून पॉलिश पेपर फिरवला की पहिल्यांदा काळी, मग तांबूस, मग पिवळी. नवी स्लीव्ह, दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज येईपर्यंत दाबलेली. मग सीटवर जाऊन चावी नुसती चालू करायची. टक-टक-टक-टक, टक-टक, टक, टक... टक.